कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचाय? आधी पलंगावर आडवे व्हा

अलार्म आणायचा, भिंतीत दोन स्क्रू मारायचे, झालं काम, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी ओळखीतल्या बऱ्याच घरांत हे अलार्म लावून दिलेत, आणि त्याहून जास्त घरांत चुकीच्या जागी लावलेले काढून दुसरीकडे बसवलेत. दरवेळी एकच दिसतं, लोक अलार्म लावताना गॅस कुठून येईल एवढाच विचार करतात, झोपलेल्या माणसाला तो आवाज ऐकू जाईल का हा विचार कोणी करतच नाही. मग अलार्म जातो स्वयंपाकघरात नाहीतर गच्चीच्या जिन्यात, आणि माणसं झोपतात दोन बंद दारांपलीकडे.

माणूस जागा असताना कार्बन मोनॉक्साइडचा त्रास झाला तर निदान डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, माणूस उठून बाहेर तरी जातो किंवा कोणाला तरी हाक मारतो. झोपेत यातलं काहीच होत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही, घशाला खवखव नाही की डोळ्यांत पाणी नाही, त्यामुळे झोप मोडायला काही कारणच उरत नाही आणि माणूस झोपेतून सरळ बेशुद्धीत जातो. म्हणून माझ्या मते या यंत्राचं खरं काम एकच, झोपलेल्याला उठवणं. बाकी सगळं, म्हणजे कुठला घ्यायचा, कुठे लावायचा, किती उंचीवर, हे त्यावरून ठरवायचं.

आता थोडं या वायूबद्दल, कारण हे कळलं की जागेबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. गॅस, रॉकेल, डिझेल, पेट्रोल, लाकूड, कोळसा, जे काही जळतं त्याला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की ते अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गीझर, बॉयलर, शेगडी, रूम हीटर, फायरप्लेस, जनरेटर, गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, खोलीत आणलेली कोळशाची शेगडी, सगळे यात आले. श्वासातून हा वायू रक्तात गेला की हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, मग ऑक्सिजनला जागाच राहत नाही. आणि एकदा चिकटला की लवकर सुटत नाही, साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात. हॉस्पिटलमध्ये शुद्ध ऑक्सिजन लावला की हाच वेळ साधारण तास-दीड तासावर येतो, म्हणूनच बाहेर मोकळ्या हवेत आलो आता बरं वाटतंय असं म्हणून घरी बसायचं नसतं.

विकत घेताना

सगळ्यात पहिली गफलत इथेच होते. धुराचा अलार्म वेगळा, गॅस गळतीचा अलार्म वेगळा आणि कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. सिलेंडरमधला गॅस गळला तर ओरडणारं यंत्र घरात आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण त्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. उलट गीझर किंवा हीटर अजिबात गळत नसताना, नुसता नीट जळत नसल्यामुळे हा वायू सोडू शकतो. त्यामुळे पाकिटावर कार्बन मोनॉक्साइड किंवा सीओ असं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. धूर आणि सीओ दोन्ही ओळखणारे एकत्र अलार्मही मिळतात, ते चालतात, फक्त त्यांची जागा ठरवताना थोडी अडचण येते, ते पुढे सांगतो.

दुसरं म्हणजे प्रमाणपत्र. अमेरिकेतलं मानक यूएल २०३४ आणि युरोपातलं ईएन ५०२९१, यापैकी एखादं अलार्मवर छापलेलं असावं, आणि तपासणी कोणत्या संस्थेने केली त्याचं चिन्हही असावं. ऑनलाइन भरपूर स्वस्त डबे दिसतात, त्यांना मोठा डिस्प्ले असतो, हिरवे आकडे नाचतात आणि आत सेन्सर कसला आहे ते कुठेच लिहिलेलं नसतं. असलं घेऊ नका, मी अगदी मनापासून सांगतोय. या यंत्राची परीक्षा घरी घेता येत नाही, त्यामुळे कोणीतरी प्रयोगशाळेत घेतलेली असणं हाच एक आधार असतो. ईएन ५०२९१ चे दोन भाग आहेत, पहिला घरासाठी आणि दुसरा कॅराव्हॅन आणि बोटीसाठी, हलत्या जागेसाठी घेत असाल तर दुसऱ्या भागाचा बघा.

या मानकांतले आकडे एकदा बघून ठेवा, कारण अलार्म कधी वाजतो आणि कधी मुद्दाम गप्प राहतो ते त्यातून कळतं. माप असतं पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग. यूएल मानकात ७० पीपीएम असेल तर अलार्म १ ते ४ तासांच्या आत वाजला पाहिजे, १५० ला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. युरोपातल्या मानकात ५० ला ६० ते ९० मिनिटं, १०० ला १० ते ४० मिनिटं आणि ३०० ला ३ मिनिटांच्या आत. म्हणजे अलार्म फक्त वायू किती आहे ते बघत नाही, किती वेळ आहे तेही मोजतो, कारण विषबाधा या दोन्हींवर ठरते. रक्तातलं साधारण १० टक्के हिमोग्लोबिन या वायूने अडवण्याच्या आत निरोगी मोठ्या माणसाला सावध करायचं, असा अमेरिकेतल्या मानकाचा हिशोब आहे.

आता यातला 'निरोगी मोठ्या माणसाला' हा शब्द नीट वाचा. घरात गरोदर बाई असेल, तान्हं बाळ असेल, हृदयाचा आजार असलेले आजोबा असतील तर त्यांना कमी प्रमाणातही त्रास होतो. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन हा वायू आईपेक्षाही घट्ट धरून ठेवतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घालून दिलेली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ४ मिलिग्रॅम, म्हणजे साडेतीन पीपीएमच्या आसपास आहे, आणि ३० पीपीएमच्या खाली बहुतेक अलार्म वाजतच नाहीत. म्हणून अशा घरांत मी डिस्प्लेवाला अलार्म घ्या म्हणतो, म्हणजे वाजला नाही तरी आकडा दिसतो आणि आत्तापर्यंत जास्तीत जास्त किती झाला होता तेही बऱ्याच मॉडेलमध्ये बटण दाबून बघता येतं. अलार्म शांत आहे म्हणजे हवा स्वच्छ आहे असं धरून चालू नका.

बॅटरीवर चालणारा, प्लगमध्ये लावायचा आणि थेट वायरिंगला जोडायचा असे तीन प्रकार मिळतात. सात किंवा दहा वर्षांची सीलबंद बॅटरी असलेला अलार्म मला सगळ्यात बरा वाटतो, कारण त्यातली बॅटरी काढून कोणी रिमोटमध्ये घालू शकत नाही (हे होतं, आणि घरातलाच माणूस करतो). प्लगवाला किंवा वायरिंगचा घेतला तर आत बॅकअप बॅटरी आहे ना ते बघाच. लाइट गेली की लोक जनरेटर लावतात, शेगडी पेटवतात, म्हणजे धोका नेमका तेव्हाच वाढतो आणि बॅकअप नसलेला अलार्म नेमका तेव्हाच मेलेला असतो.

एकमेकांना जोडलेले अलार्म परवडत असतील तर बिनधास्त घ्या. तळमजल्यावरचा वाजला की वरच्या बेडरूममधलाही वाजतो. मोठ्या किंवा दुमजली घरात यासारखं दुसरं काही नाही.

जागा ठरवणं

ड्रिल अजून बाजूलाच ठेवा. घरातला प्रत्येक जण जिथे झोपतो तिथे जाऊन आडवे व्हा, रात्री जसं दार लावता तसं लावा, पंखा किंवा एसी चालू असतो तर तोही लावा, आणि दुसऱ्या कोणाला तरी अलार्म हातात देऊन ज्या जागी लावायचा विचार आहे तिथे उभं करून टेस्ट बटण दाबायला सांगा. बहुतेक अलार्मवर ३ मीटरवर ८५ डेसिबल असं लिहिलेलं असतं, जवळ उभं राहून ऐकलं तर कान फाटतील असं वाटतं, पण एक बंद दार आणि एक लांब पॅसेज मध्ये आला की तोच आवाज शेजारच्या घरात काहीतरी वाजतंय इतका होतो. ज्याला कमी ऐकू येतं त्याने पलंगावर पडून स्वतः ही परीक्षा द्यायची, त्याच्या वतीने दुसऱ्याने नाही. ऐकूच येत नसेल तर उशीखाली ठेवायचं थरथरणारं पॅड आणि लखलखणारा दिवा जोडता येणारे अलार्म मिळतात. लहान मुलांचं काय, तर ती मोठ्या आवाजातही गाढ झोपतात, त्यांना उठवून बाहेर काढायचं काम कोणाचं हे घरात आधीच ठरवून ठेवा.

एकच अलार्म घेणार असाल तर तो झोपण्याच्या खोल्यांच्या दाराबाहेर, जवळच. दोन झोपायच्या जागा घराच्या दोन टोकांना असतील तर दोन अलार्म. घराला मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर एक, तळघर असेल तर तिथेही. ज्या खोलीत काही जळणारं उपकरण आहे आणि त्याच खोलीत कोणी झोपतंही, तिथे खोलीच्या आत एक हवाच, यात तडजोड नको.

आता उंची. यावर जितके वाद ऐकलेत तितके दुसऱ्या कशावर नाही ऐकले. कोणी म्हणतं हा वायू जड असतो, खाली लावा, कोणी म्हणतं हलका असतो, छताला लावा. खरं म्हणजे तो हवेपेक्षा अगदी किंचित हलका आहे, रेणूभार २८ आणि हवेचा सरासरी २९, इतक्या फरकाने तो वर जाऊन बसत नाही की खालीही साठत नाही, खोलीतल्या हवेत सगळीकडे मिसळतो. उपकरणातून बाहेर पडताना गरम हवेबरोबर आधी वर जातो एवढंच. खाली लावायची समजूत बहुतेक सिलेंडरच्या गॅसवरून आली असावी, तो खरंच जड असतो आणि त्याचा गळती अलार्म जमिनीजवळ लावतात. या दोन यंत्रांची जागा एकमेकांना लावू नका.

त्यामुळे उपकरण असलेल्या खोलीत अलार्म वर लावायचा. भिंतीवर असेल तर दारं-खिडक्यांच्या वरच्या कडेपेक्षा उंच पण छतापासून निदान १५ सेंटिमीटर खाली, छतावर असेल तर भिंतींपासून निदान ३० सेंटिमीटर आत. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात हवा फारशी फिरत नाही म्हणून हे अंतर. नुसत्या झोपायच्या खोलीत, जिथे काही जळत नाही, तिथे पलंगावर झोपल्यावर नाक ज्या उंचीला असतं साधारण त्या उंचीला लावलेला चांगला. मात्र एकत्र धूर-सीओ अलार्म असेल तर तो धुराच्या नियमानेच लावायचा, म्हणजे वर, कारण धूर वर जातो. मघाशी म्हटलेली अडचण ती हीच.

उपकरणापासून किती लांब, यात दोन वेगळे आकडे वाचायला मिळतील. युरोपातल्या पद्धतीत १ ते ३ मीटर आडवं अंतर सांगतात, अमेरिकेतल्या बऱ्याच माहितीपत्रकांत निदान १५ फूट म्हणजे साडेचार मीटर. वाचून गोंधळ होतो पण दोन्हीच्या मागे एकच विचार आहे, बर्नर पेटताना क्षणभर थोडा वायू सुटतोच, तो अलार्मला लागून उगाच वाजू नये, आणि खरा साठायला लागला तर मात्र कळावा. तुमच्या अलार्मसोबत जे माहितीपत्रक आलंय त्यातला आकडा पाळा, त्या सेन्सरची चाचणी त्या हिशोबाने झालेली असते. ते पत्रक फेकू नका, अलार्मच्या मागे नाहीतर मीटरच्या पेटीत चिकटवून ठेवा.

जिथे लावू नये त्या जागा: पडद्याच्या मागे, कपाटाच्या आत किंवा वर सामानाच्या गर्दीत, पंख्याच्या थेट झोतात, एसीच्या तोंडासमोर, सतत उघडी असणाऱ्या खिडकीच्या बाजूला, शेगडीच्या डोक्यावर, सिंकच्या वर, थेट उन्हात, आणि जिथे तापमान साधारण ४ अंशांच्या खाली किंवा ३८ अंशांच्या वर जातं तिथे. आणखी एक जागा आहे जी फार कमी लोकांना माहीत असते, चार्ज होणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीच्या जवळची. चार्ज होताना त्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि बऱ्याच सेन्सरना हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यातला फरक कळत नाही, मग कारण नसताना अलार्म वाजतो आणि लोक यंत्र खराब म्हणून काढून टाकतात. इन्व्हर्टर जिथे ठेवलाय त्या कोपऱ्यापासून अलार्म दूरच ठेवा. पण वाजला तर आधी बाहेर जायचं, बॅटरीमुळे असेल हा अंदाज नंतर.

बाथरूमबद्दल

गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर अलार्म आत लावू का, असं हमखास विचारतात. नाही, वाफेने आणि ओलीने सेन्सर बिघडतो. मग बाहेर लावू का, तर लावा, पण त्यावर विसंबून राहू नका, कारण दार बंद, खिडकी बंद, गीझर चालू, अशा छोट्याशा जागेत वायू फार झपाट्याने वाढतो आणि दाराबाहेरच्या अलार्मपर्यंत तो पोचेपर्यंत आतल्या माणसाचे हातपाय गळालेले असू शकतात. इथे अलार्म हा उपाय नाहीच. उपाय म्हणजे गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत हलवणं, किंवा ज्याचा धूर पाइपने थेट घराबाहेर जातो आणि जळायला लागणारी हवाही बाहेरूनच घेतली जाते असा गीझर बसवणं. ते होईपर्यंत बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, दार-खिडकी उघडून हवा जाऊ द्यायची आणि मगच आंघोळीला जायचं. एक्झॉस्ट फॅन लावला की काम झालं असंही नाही, कारण हवा आत यायला वाट नसेल तर तोच फॅन धुराड्यातला धूर उलटा आत ओढू शकतो.

तसंच जनरेटर. अलार्म आहे म्हणून जनरेटर बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून चालवायचा, हे चालणार नाही. घरापासून निदान ६ मीटर लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला, आणि जवळच्या खिडक्या बंद. कोळशाची शेगडी तर खोलीत आणायचीच नाही, खिडकी उघडी ठेवली तरी नाही. निखारे विझल्यासारखे दिसतात तेव्हाही हा वायू सोडत असतात.

प्रत्यक्ष बसवताना

जागा ठरली की ब्रॅकेट भिंतीला धरून पेन्सिलने भोकांच्या खुणा करा. खुणेच्या सरळ वर-खाली किंवा डावी-उजवीकडे स्विचबोर्ड, सॉकेट, लाइटचा पॉइंट आहे का बघा, वायरी बहुतेक त्याच रेषेत जातात, आणि पलीकडे बाथरूम असेल तर पाण्याचे पाइप. शंका आली तर हातभर बाजूला सरका, अलार्मला तेवढ्याने फरक पडत नाही, ड्रिल वायरीत गेलं तर तुम्हाला पडतो. त्या भागाचा एमसीबी बंद केला तर आणखी चांगलं. डोळ्यांवर चष्मा, खाली पक्की शिडी आणि शिडी धरायला एक माणूस. खुर्चीवर स्टूल ठेवून वर चढू नका.

भोक पाडून झाल्यावर धूळ पुसा, भोकात प्लॅस्टिकचा प्लग ठोका, ब्रॅकेट स्क्रूने घट्ट करा आणि हे सगळं होईपर्यंत अलार्म डब्यातच राहू द्या, सिमेंटची भुकटी सेन्सरच्या जाळीत गेलेली चांगली नाही. मग बॅटरीची पट्टी ओढा किंवा बॅटरी घाला. साधी अल्कलाइन सांगितली असेल तर तीच, रिचार्ज होणारी घालू नका, त्यांचा व्होल्टेज वेगळा असतो आणि संपत आल्याची सूचना नीट मिळत नाही. चालू झाल्यावर सेन्सरला तयार व्हायला काही मिनिटं लागतात, तेवढं थांबा आणि टेस्ट बटण पत्रकात सांगितलंय तितका वेळ दाबून धरा. ब्रॅकेटवर फिरवून बसवा. बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरी नसली तर ते ब्रॅकेटवर बसतच नाहीत, तेव्हा बसत नाही म्हणून जोर लावायच्या आधी बॅटरी बघा.

वायरिंगला जोडायचा असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि त्याला एकच गोष्ट ठासून सांगा, हा अलार्म कुठल्याही भिंतीवरच्या स्विचवर असता कामा नये. पाहुणा येतो, नको असलेला स्विच म्हणून बंद करतो आणि महिनोन्महिने कोणाला कळत नाही. प्लगवाल्याचंही तेच, मोबाइल चार्ज करायला कोणीतरी तो काढणारच, म्हणून सहज हाताशी नसलेलं सॉकेट निवडा, पण सोफ्यामागचं नको.

भाड्याच्या घरात भोकं पाडायची परवानगी नसेल तर टेबलवर किंवा शेल्फवर उभा ठेवायचा अलार्म घ्या, पत्रकात तशी परवानगी असेल तर तो तितकाच चांगला. प्रवासात बॅगेतही नेता येतो, अनोळखी खोलीत हीटर किंवा गीझर कसा आहे ते आपल्याला माहीत नसतं. आणि आमच्याकडे सगळं विजेवर चालतं, आम्हाला गरज नाही, असं म्हणणाऱ्या फ्लॅटवाल्यांना माझी विनंती, खालच्या घरातला किंवा पार्किंगमधला धूर शाफ्टमधून, भिंतीतल्या फटींतून वर येऊ शकतो.

वाजण्याची भाषा

बसवून झालं की घरातल्या सगळ्यांना एकत्र बोलावून आवाज ऐकवा. सर्वसाधारणपणे चार वेळा पीप, मग थोडं थांबून परत चार वेळा, हा कार्बन मोनॉक्साइडचा इशारा. एकत्र अलार्ममध्ये तीन-तीन वेळा वाजला तर धूर. दर अर्ध्या-एक मिनिटाला एकच बारीक पीप आला तर बॅटरी संपत आलीय किंवा यंत्राचं आयुष्य संपलंय. हा एकटा पीप रात्री दोनला सुरू होतो, झोपेत कोणीतरी चिडून अलार्म उतरवतो, बॅटरी काढतो, ड्रॉवरमध्ये टाकतो आणि तो तिथेच राहतो. आमच्याच घरात हे झालं होतं, चार-पाच महिने अलार्म ड्रॉवरमध्ये पडून होता आणि भिंतीवरचं रिकामं ब्रॅकेट मी रोज बघत होतो, तरी लक्षात आलं नाही. तेव्हापासून बॅटरी बदलायची तारीख मी फोनमध्ये टाकून ठेवतो आणि जास्तीची बॅटरी घरात असतेच.

महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबा. त्याने बॅटरी, सर्किट आणि भोंगा चालतोय एवढं कळतं, सेन्सरला वायू खरंच ओळखता येतो का हे साधारणपणे कळत नाही. म्हणून काही जण गाडीच्या धुराच्या नळीसमोर धरतात नाहीतर निखाऱ्यांवर धरतात, कृपा करून असलं करू नका, सेन्सर खराब होतो आणि तो वायू तुमच्याही नाकात जातो. सेन्सरचं आयुष्य ठरलेलं असतं, मॉडेलप्रमाणे ५ ते १० वर्षं, मागे तारीख छापलेली असते. ती तारीख मार्करने पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे अलार्म न उतरवता दिसेल. तारीख उलटली की बटण दाबल्यावर कितीही खणखणीत वाजला तरी बदलायचा.

कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, स्प्रे मारून पुसू नका. घरात रंगकाम, पॉलिश, पेस्ट कंट्रोल असेल तेव्हा पत्रकात सांगितल्याप्रमाणे झाका किंवा उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि काम संपल्या दिवशीच परत लावा, रंगाच्या आणि सॉल्व्हंटच्या वाफांनी सेन्सर बिघडतो.

वाजला तर

खात्री करत बसू नका. वास येतोय का बघू, गीझर बंद करून बघू, बहुतेक बॅटरी असेल, यात वेळ घालवायचा नाही. वाटेत दार-खिडकी उघडता आली तर उघडा, उपकरण हाताशी असेल तर बंद करा, पण त्यासाठी मागे वळू नका. सगळ्यांना उठवून बाहेर मोकळ्या हवेत आणा, माणसं मोजा, आणि फोन बाहेर आल्यावर करा, अग्निशमन दल किंवा तुमच्याकडचा आपत्कालीन नंबर. कोणी आत राहिलं असेल तर तेही सांगा, पण परत आत जाऊ नका, वाचवायला गेलेला माणूस तिथेच पडतो आणि मग दोघांना काढावं लागतं.

कोणालाही डोकेदुखी, चक्कर, उलटी, गोंधळल्यासारखं वाटत असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा की घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला होता. हे सांगणं फार महत्त्वाचं आहे, कारण लक्षणं फ्लूसारखी दिसतात, फक्त ताप नसतो, आणि बोटाला लावायचा नेहमीचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. या वायूने अडवलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं आणि आकडा ९८ वगैरे दाखवतो. खरं कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी बरं वाटेनासं झालं, बाहेर गेल्यावर बरं वाटतं आणि घरी आलं की पुन्हा डोकं धरतं, कुत्रा किंवा मांजर सुस्त पडलंय, अशा वेळी अलार्म वाजला नसला तरी हाच संशय घ्या. लहान जिवांना आधी लागतं, ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत याच कारणासाठी कॅनरी पक्षी आत नेत आणि ते १९८६ पर्यंत चालू होतं.

दारं-खिडक्या उघडल्यावर तपासणीवाले आले आणि त्यांच्या मीटरवर शून्य आलं तर अलार्म खोटा होता असं समजू नका, तोपर्यंत हवा बदललेली असते. डिस्प्लेमध्ये सर्वात जास्त आकडा साठवलेला असेल तर तो त्यांना दाखवा, फोटो काढून ठेवा. मग घरातलं प्रत्येक जळणारं उपकरण आणि त्याचं धुराडं जाणकाराकडून तपासून घ्या, निळी असायला हवी ती ज्योत पिवळी झालीय का, आजूबाजूला काजळी धरलीय का, धुराड्यात पक्ष्याचं घरटं किंवा कचरा अडकलाय का, पाइपचा सांधा निसटलाय का. कारण सापडून दुरुस्त होईपर्यंत ते उपकरण चालवू नका, अगदी एका आंघोळीपुरतंही नाही. आणि ज्या रात्री परत घरात झोपायला याल त्या रात्री दारं लावून, पंखा चालू करून, पलंगावर आडवं होऊन कोणाला तरी टेस्ट बटण दाबायला सांगा.